झीबा मीर-होसैनी यांचे संशोधन आणि मेहरचा प्रश्न

वाचनवेडी (धागाकर्ती)

आमच्या छोट्या वाचनगटात गेले दोन महिने कायद्याकडे मानवशास्त्राच्या नजरेने पाहणारे लेखन वाचले जात आहे. त्यात झीबा मीर-होसैनी यांचे 'मॅरेज ऑन ट्रायल' हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक माझ्या वाट्याला आले. मीर-होसैनी मूळच्या इराणच्या. केंब्रिजहून सामाजिक मानवशास्त्रात डॉक्टरेट घेऊन त्या मायदेशी परतल्या तेव्हा तेथे नुकतीच क्रांती झालेली होती. पुढे ऐंशीच्या दशकात तेहरानमधील आणि मोरोक्कोतील रबात, साले व कासाब्लांका येथील कौटुंबिक न्यायालयांत बसून, दावे ऐकून, दप्तरे चाळून आणि पक्षकारांशी बोलून त्यांनी हे पुस्तक लिहिले. शरियतविषयी आपण एरवी जे वाचतो ते एकतर धर्मग्रंथांच्या अंगाने लिहिलेले असते किंवा राजकारणाच्या. न्यायालयाच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईला प्रत्यक्षात काय हवे आहे, येथून सुरुवात करणारे लेखन मी प्रथमच वाचले.

तरीही एका ठिकाणी मी अडखळले आहे. इराणी स्त्रिया मेहरसाठी, म्हणजे निकाहाच्या वेळी नवऱ्याने पत्नीला देऊ केलेल्या रकमेसाठी, दावा लावतात, पण बहुतेकींना ते पैसे मिळवायचे नसतातच, असे त्या दाखवतात. दाव्याच्या दडपणाखाली नवऱ्याने तलाक द्यावा, किंवा देत असेल तर तो देऊ नये, किंवा मुलांचा ताबा सोडावा, यासाठी मेहर वापरली जाते. म्हणजे कागदावर दुबळी दिसणारी बाई न्यायालयात डावपेच लढवते. हे वाचताना कौतुक वाटले आणि लगेच शंकाही आली. ज्या कायद्याने तिला हात बांधून उभे केले, त्याच कायद्याने दिलेल्या एका दोरीचे आपण कौतुक करत बसलो, तर मूळ अन्याय सौम्य भासू लागणार नाही का? दुसरे असे की हे चित्र आपल्याकडे कितपत लागू पडते? माझ्या ओळखीच्या मुस्लिम घरांत मेहरचा उल्लेख निकाहाच्या दिवसानंतर कधी ऐकल्याचे मला आठवत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अभ्यासक_पुणे

प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर मेहरच्या व्याख्येपासून सुरू करावे लागेल, कारण मीर-होसैनी यांचा सगळा युक्तिवाद त्या व्याख्येवर उभा आहे.

फिक्हमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी शतकानुशतके रचलेल्या कायदेशास्त्रात, निकाह हा संस्कार मानलेला नाही. तो करार आहे. कराराला दोन बाजू असतात. नवऱ्याने मेहर द्यायची आणि नफका, म्हणजे अन्नवस्त्रनिवारा, पुरवायचा. त्या बदल्यात पत्नीकडून तमकीन, म्हणजे शय्येसह आज्ञाधारकता, मिळवायची. तमकीन नाही तर नफका नाही. मध्ययुगीन शास्त्रज्ञांनी या कराराची मांडणी करताना खरेदी-विक्रीच्या कराराची चौकट कशी नजरेसमोर ठेवली होती, हे मीर-होसैनी स्पष्ट शब्दांत सांगतात आणि ते वाचताना अवघडल्यासारखे होते. त्यांना तेच दाखवायचे आहे. करार मोडण्याचा एकतर्फी अधिकार फक्त नवऱ्याला आहे. पत्नीला बाहेर पडायचे असेल तर मेहर परत करून किंवा सोडून देऊन नवऱ्याची संमती विकत घ्यावी लागते, ज्याला खुला म्हणतात, किंवा न्यायाधीशापुढे त्रास सिद्ध करावा लागतो.

आता हिशेब मांडून पाहा. एकाकडे तलाकचा अधिकार आहे, दुसरीकडे न दिलेल्या मेहरचे थकलेले कर्ज आहे. पती तलाक द्यायला निघाला की कर्ज वसूल होईल या भीतीने थबकतो. पत्नीला तलाक हवा असेल तर ती कर्ज माफ करून सुटका करून घेते. फारसीत यासाठी एक म्हणच आहे, 'मेहरम हलाल, जानम आझाद', म्हणजे माझी मेहर तुला माफ, माझा जीव मोकळा. लग्न ठरवताना मात्र उलटी म्हण वापरली जाते: मेहर कोणी दिली आहे आणि कोणी घेतली आहे! आकडा मोठा लिहिताना वरपक्ष याच म्हणीच्या आधारावर निश्चिंत असतो. लग्नाच्या वेळी जो आकडा केवळ मानाचा असतो, तो भांडणाच्या वेळी रोकड होतो. या दोन म्हणींमधल्या अंतरात मीर-होसैनी यांचे पुस्तक घडते, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

मोरोक्कोशी तुलना करण्याचे महत्त्व येथे कळते. तेथे मालिकी पंथाचे (सुन्नींच्या चार कायदेपंथांपैकी एक) फिक्ह चालते आणि मेहर बहुधा लग्नाच्या वेळीच चुकती होते, त्यामुळे पुढच्या भांडणात तिचा उपयोग उरत नाही. म्हणून तेथील स्त्रियांचे दावे प्रामुख्याने नफक्यासाठी, आणि नोंदणीविना केवळ फातिहा पढून झालेला विवाह शाबीत करून मुलाला बापाचे नाव मिळवण्यासाठी असत. शरियतचे नाव एकच, पण कोणाच्या हातात कोणता कागद आहे यावर तेहरानमधील बाईची आणि सालेमधील बाईची लढाई वेगळी होते.

तुम्ही विचारले आहे की यामुळे अन्याय सौम्य भासतो का. माझ्या मते उलट होते. जिला तलाकचा समान अधिकार आहे तिला मेहरचा डाव खेळावाच लागणार नाही, त्यामुळे प्रत्येक डाव हा त्या असमानतेचा पुरावा म्हणून वाचावा लागतो. मीर-होसैनी यांना हे पुस्तकी अभ्यासातून सुचलेले नाही. ऐंशीच्या दशकात इराणात त्यांना स्वतःलाच अशा वाटाघाटीतून घटस्फोट मिळवावा लागला होता, आणि कायदा शिकण्याची गरज तेथून निर्माण झाली, हे त्यांनी लिहून ठेवले आहे.

इराणचा घटनाक्रमही ध्यानात ठेवावा. शहाच्या काळात १९६७ मध्ये कुटुंब संरक्षण कायदा आला, १९७५ मध्ये तो सुधारला गेला, आणि पुरुषालाही घटस्फोटासाठी न्यायालयात यावे लागू लागले. १९७९ च्या क्रांतीनंतर काही आठवड्यांतच खोमेनी यांच्या कार्यालयाने तो शरियतविरोधी ठरवला. मग विशेष दिवाणी न्यायालये आली, धर्मगुरू न्यायाधीश झाले. पण याच इस्लामी राजवटीला १९९२ मध्ये घटस्फोटाच्या नियमांत फेरबदल करावे लागले आणि समेट अशक्य असल्याचा न्यायालयाचा दाखला मिळाल्याशिवाय कोणताही तलाक नोंदवता येईना. त्याच कायद्यात 'उजरत-उल-मिस्ल' नावाची एक विलक्षण तरतूद आहे. पत्नीचा दोष नसताना पती तलाक देत असेल तर तिने संसारात केलेल्या कामाची मजुरी तिला मागता येते. याचा आधार कोठून आला? फिक्हनुसार स्वयंपाक, धुणीभांडी, अगदी मुलाला दूध पाजणेही पत्नीचे कायदेशीर कर्तव्य नाही. तिने ते केले असेल, तर ती श्रमाची देणगी होती की काम होते, असा प्रश्न उभा राहतो, आणि काम असेल तर मोबदला देय ठरतो. जुन्या शास्त्राच्या पोटातून इतकी आधुनिक मागणी निघावी, हे पाहून मला आजही गंमत वाटते. प्रत्यक्षात ही मजुरी किती जणींच्या पदरात पडते, हा वेगळा विषय आहे.

पुढे १९९७ मध्ये मेहरची रक्कम महागाईच्या निर्देशांकाशी जोडण्यात आली. लोक तोवर नोटांऐवजी सोन्याच्या नाण्यांत मेहर लिहू लागलेच होते. शेकडो नाण्यांच्या मेहरपायी तुरुंगात गेलेल्या नवऱ्यांची संख्या एवढी झाली की २०१३ च्या कायद्यात ११० नाण्यांपर्यंतच्याच वसुलीसाठी तुरुंगवासाची धमकी राहील अशी मर्यादा घालावी लागली.

खाडीकाठची

मी रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुस्लिम घरातील आहे, त्यामुळे दुसऱ्या शंकेबाबत बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे समजते. अभ्यासक सरांनी इराणचे सांगितले ते वाचून मला हसू आले, कारण आमच्याकडे मेहरचे हत्यार करायचे ठरवले तर त्याने भाजीसुद्धा चिरली जाणार नाही.

माझ्या आईच्या निकाहनाम्यात मेहर पाचशे पंचवीस रुपये लिहिलेली आहे. पंचवीस रुपये वर का, तर आकडा पूर्ण शून्यावर थांबू नये अशी समजूत. ही रक्कम तिला कधी मिळाली का, असे मी एकदा विचारले, तेव्हा तिने सांगितले की पहिल्याच रात्री तिच्याकडून ती माफ करवून घेण्यात आली होती, आणि माफ करायची नसते असे तिला तोवर कोणी सांगितलेलेच नव्हते. एकोणीस वर्षांची मुलगी, नवे घर, समोर अनोळखी नवरा. अशा वेळी दिलेल्या माफीला माफी म्हणायचे का, हा प्रश्न आमच्यापैकी अनेकींनी मौलानांना विचारलेला आहे. दडपणाखाली दिलेली माफी ग्राह्य नाही असेच शास्त्र सांगते, हे उत्तरही मिळालेले आहे. पण ते उत्तर मशिदीच्या ओट्यावर मिळते आणि माफी बंद दाराआड होते.

त्यातच आमच्याकडे एक पेच आहे. हिंदुस्थानातील बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे, पण आम्ही कोकणी शाफई. शाफई फिक्हनुसार अविवाहित मुलीच्या निकाहासाठी, ती वयाने सज्ञान असली तरी, वलीची म्हणजे बापाची किंवा आजोबांची संमती लागते. हनफी पंथात सज्ञान मुलगी स्वतः निकाह करू शकते. म्हणजे चिपळूणच्या मुलीला जे करता येत नाही ते औरंगाबादच्या हनफी मुलीला करता येते, आणि दोघींनाही सांगितले जाते की हा अल्लाहचा न बदलणारा कायदा आहे. मला मीर-होसैनी यांचे म्हणणे पहिल्यांदा पटले ते या उदाहरणामुळे. शरियत ही ईश्वराची इच्छा आणि फिक्ह हा ती समजून घेण्याचा माणसांचा प्रयत्न, आणि आपण ज्याला शरियत म्हणून डोक्यावर घेतो ते बहुतांशी फिक्ह असते, असा फरक त्या करतात. विद्यापीठातील माणसाला हा शब्दच्छल वाटू शकेल. आमच्या घरात मात्र 'हे फिक्ह आहे, शरियत नव्हे' एवढे वाक्य बोलल्यावर वडिलांचा आवाज खाली आला होता.

धागाकर्त्या ताईंना एक विनंती. 'मेहरचा उल्लेख ऐकल्याचे आठवत नाही' हे खरे आहे, पण घरात बोलली न जाणारी गोष्ट घरात नसतेच असे नाही. हुंड्याबद्दल तरी तुमच्याकडे पाहुण्यांसमोर कोण बोलते?

न्यायालयाची_पायरी

मराठवाड्यात तीस वर्षे वकिली करून आता निवृत्त झालो आहे. माझ्याकडे आलेल्या मुस्लिम स्त्रियांच्या प्रकरणांत निव्वळ मेहरसाठी लावलेले दावे बोटांवर मोजण्याइतके होते. बाई येते ती खावटीसाठी, म्हणजे पोटगीसाठी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, आता नव्या संहितेत १४४, हेच आमच्याकडचे खरे हत्यार होते. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पोटगी देणारा शाहबानो निकाल १९८५ चा, त्यानंतर ती पोटगी इद्दतीपुरती, म्हणजे तलाकनंतरच्या प्रतीक्षाकाळापुरती, मर्यादित करू पाहणारा १९८६ चा कायदा, २००१ मध्ये डॅनियल लतिफी निकालाने त्या कायद्याचा लावलेला उदार अर्थ, आणि आता १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५ खुले असल्याचे दिलेले निःसंदिग्ध मत, हा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. १९८६ च्या कायद्यावर टीका पुष्कळ झाली आणि ती रास्त होती, पण त्याच्या तिसऱ्या कलमात इद्दतीच्या काळातील तरतुदीबरोबर मेहरची रक्कमही मागता येते, याकडे आमच्या वकील मंडळींनी फारसे लक्ष दिले नाही, हे कबूल केले पाहिजे.

येथे मला आमच्याच औरंगाबाद खंडपीठातील एक निकाल आठवतो. दगडू पठाण विरुद्ध रहीमबी, २००२. त्या आधी नेहमीचा प्रकार असा होता की बाईने पोटगीचा अर्ज केला की नवरा कैफियतीत लिहून मोकळा होई की मी हिला अमुक तारखेला तलाक दिलेला आहे. तेवढ्या एका वाक्याने पोटगी थांबे. पूर्णपीठाने सांगितले की नुसते म्हणून चालणार नाही. तलाक दिल्याचे, त्याला कारण असल्याचे आणि समेटाचा प्रयत्न झाल्याचे पुराव्यानिशी सिद्ध करावे लागेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा प्रकरणात त्याच दिशेचा निकाल दिला. तिहेरी तलाक रद्द ठरवणारा २२ ऑगस्ट २०१७ चा निकाल सर्वांना पाठ आहे, पण खालच्या न्यायालयांत बाईच्या पायाखालची जमीन पंधरा वर्षे आधीच थोडी घट्ट झाली होती. वर्तमानपत्रांनी त्याची पुरेशी दखल घेतली नाही असे माझे मत आहे.

शियांच्या कायद्यात एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक कधीच मान्य नव्हता आणि तलाकला दोन साक्षीदार लागतात, ही बाब इराणशी आपली तुलना करताना ध्यानात ठेवावी. त्यांचा प्रश्न आणि आपला प्रश्न तंतोतंत एक नाही. आपल्याशी अधिक जवळचे काम हवे असेल तर सिल्व्हिया व्हाटुक या अमेरिकी मानवशास्त्रज्ञ बाईंचे वाचावे. चेन्नई आणि हैदराबाद येथील मुस्लिम स्त्रियांचे कौटुंबिक दावे त्यांनी अभ्यासले आहेत, आणि खुलाच्या नावाखाली प्रत्यक्षात काय सौदे होतात हे त्यांनी चांगले टिपले आहे. (गोव्याचे वाचक असतील तर त्यांच्यासाठी एवढेच की तेथे १९३७ चा शरियत कायदा लागूच नाही, मुसलमानांसह सर्वांना पोर्तुगीज काळातील १८६७ ची दिवाणी संहिता लागते.)

खाडीकाठच्या ताईंच्या मुद्द्याला एक जोड देतो. १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा कसा आला ते पाहण्यासारखे आहे. हनफी फिक्हनुसार छळ करणाऱ्या किंवा परागंदा झालेल्या नवऱ्यापासून सुटण्याचा मार्ग स्त्रीला जवळजवळ नव्हता. पंजाबातील काही स्त्रियांनी त्यावर तोडगा काढला: धर्म सोडला की विवाह आपोआप तुटतो. त्यांनी धर्म सोडला. उलेमा हादरले. मौलाना अशरफ अली थानवी यांनी मग मालिकी पंथातील अधिक उदार नियम हनफींनीही स्वीकारावेत अशी मांडणी केली, आणि त्यातून हा कायदा झाला. न बदलणारे म्हणवले जाणारे शास्त्र काही बायकांच्या हट्टामुळे बदलले, आणि तेही उलेमांच्या हातून.

सत्यशोधकी

सर्व प्रतिसाद वाचले. माहिती भरपूर मिळाली, पण मला या सगळ्यात एक आत्मतुष्टी जाणवते आणि ती मोडणे भाग आहे.

मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा काढला. अवघ्या सात. त्यांनी फिक्ह आणि शरियत यांतला भेद मांडला नव्हता. आम्हाला समान नागरी कायदा द्या, तोंडी तलाक बंद करा, अशी सरळ मागणी केली होती. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले तेही याच भूमिकेतून. धर्मग्रंथाचा अर्थ कोणता खरा या वादात स्त्रीचा हक्क अडकवला की तो हक्क अर्थ लावणाऱ्याच्या ताब्यात जातो. आज उदार अर्थ लावणारा मौलवी भेटला तर ठीक, उद्या नाही भेटला तर?

इराणमध्येच हे घडले आहे. मीर-होसैनी यांनी नव्वदच्या दशकात कुम या शिया धर्मशिक्षणाच्या शहरी जाऊन धर्मगुरूंशी चर्चा केल्या, आणि त्यांना मदत करणारे एक धर्मगुरू होते मोहसेन सईदझादे. स्त्री-पुरुष समतेची बाजू ते फिक्हच्याच भाषेत मांडत आणि तेहरानच्या 'झनान' मासिकात बायकांच्या नावाने लेख लिहीत. १९९८ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे धर्मगुरूचा पोशाख घालण्यासही मनाई झाली. 'झनान' २००८ मध्ये बंद पाडण्यात आले. आतून सुधारणा करू पाहणाऱ्यांना आतून बाहेर काढले जाते, याहून स्पष्ट उदाहरण कोणते हवे? पगडी डोक्यावर ठेवायची की काढून घ्यायची हे ठरवणारे वेगळेच असतात.

न्यायालयातील बाईच्या चातुर्याचे वर्णन वाचताना मला आपल्या ग्रामीण कथांतील 'हुशार सून' आठवते. ती सासूला गुंडाळते, नवऱ्याला वळवते, वाचक खूश होतो, आणि शेवटी चूल तिच्याच समोर असते.

अभ्यासक_पुणे

सत्यशोधकी यांचा सईदझादेविषयीचा मुद्दा मी खोडू शकत नाही आणि खोडणारही नाही. मात्र त्यांचा युक्तिवाद पुरता मान्य करण्याआधी दोन गोष्टी समोर ठेवतो.

वरून आलेला धर्मनिरपेक्ष कायदाही टिकतोच असे नाही. १९६७ चा इराणी कायदा आजच्या कोणत्याही कसोटीवर पुष्कळ चांगला होता आणि तो एका घोषणेसरशी गेला, कारण सर्वसामान्य घरांत तो शहाचा, म्हणजे परक्याचा, मानला जात असे. १९९२ चे फेरबदल तुलनेने तोकडे होते, पण ते त्याच राजवटीला तिच्याच भाषेत मान्य करावे लागले होते, त्यामुळे ते सहजासहजी मागे घेता आले नाहीत. आणि दुसरे उदाहरण मोरोक्कोचे. १९५७-५८ ची मुदव्वना, म्हणजे कुटुंब कायद्याची संहिता, १९९२-९३ मध्ये स्त्री संघटनांनी दहा लाख सह्यांची मोहीम राबवल्यानंतर १९९३ मध्ये झालेली किरकोळ दुरुस्ती, मार्च २००० मध्ये एकाच दिवशी रबातमध्ये सुधारणेच्या बाजूने आणि कासाब्लांकात विरोधात निघालेले प्रचंड मोर्चे, आणि अखेर २००४ ची नवी संहिता, ज्यात पत्नीने पतीची आज्ञा पाळण्याचे कलम गेले, कुटुंबाची जबाबदारी दोघांवर आली आणि मुलीचे विवाहाचे वय १८ झाले. तेथे रस्त्यावरचा मोर्चा आणि धर्मग्रंथाचा नवा अर्थ ही दोन्ही कामे बरोबरीने चालली, आणि एकीवाचून दुसरी पुढे सरकली असती असे मला वाटत नाही. राजाचा पाठिंबा होता हेही लपवण्यात अर्थ नाही.

मीर-होसैनी यांची भूमिकाही एका जागी थांबलेली नाही. त्यांच्या १९९३ च्या पुस्तकात न्यायालयाचे निरीक्षण अधिक आहे. २००९ मध्ये क्वालालंपूर येथे 'मुसावाह', म्हणजे समता, या नावाचे जागतिक व्यासपीठ उभे राहिले त्याच्या संस्थापकांपैकी त्या एक होत्या, आणि तेव्हापासून त्या कुराणातील 'किवामा' या कल्पनेवर, पुरुषाला कुटुंबाचा राखणदार ठरवून त्याच्या हाती अधिकार देणाऱ्या वाचनावर, थेट हल्ला चढवतात. निरीक्षक राहून भागत नाही हे त्यांनीही मानले असावे.

हुशार सुनेची उपमा मात्र मला पुरती पटत नाही. किम लाँगिनॉटो यांच्याबरोबर १९९८ मध्ये त्यांनी केलेला 'डिव्होर्स इराणियन स्टाइल' हा माहितीपट पाहावा. तेहरानच्या एका न्यायालयात, एका मध्यमवयीन, एरवी सोशिक वाटणाऱ्या न्यायाधीशापुढे, सोळा वर्षांची एक मुलगी उभी राहून नवऱ्याशी आणि दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांशी आपल्या मेहरवरून हुज्जत घालते; दुसरे लग्न केल्यामुळे मुलींचा ताबा गमावलेली एक आई रागाच्या भरात न्यायालयाचा आदेशच फाडते. ती आई हरते. तिच्यात चातुर्य कमी नव्हते, कायद्यात तिच्यासाठी जागाच नव्हती, आणि चित्रपट ते लपवत नाही. न्यायालयाच्या लेखनिक बाईंची लहान मुलगी न्यायाधीशाची खुर्ची रिकामी दिसताच तिच्यावर चढून बसते, टेबल ठोकते आणि काल्पनिक नवऱ्याला बायकोशी नीट वागण्याची ताकीद देते. कोणी तिला शिकवलेले नव्हते. ती रोज ऐकत होती.

वाचनवेडी (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. माझी शंका पूर्ण फिटली असे म्हणणार नाही. मेहरचा डाव हाच असमानतेचा पुरावा आहे हे अभ्यासक सरांचे म्हणणे मी गटात मांडेन, पण सत्यशोधकी यांची चूलही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

खाडीकाठच्या ताई, तुमच्या टोल्याबद्दल तक्रार नाही, तो योग्य जागी बसला. एक व्यावहारिक गोष्ट विचारते. निकाहनामा हा करारच असेल तर त्यात मुलीला स्वतःच्या अटी लिहून घेता येत नाहीत का? इराणमध्ये क्रांतीनंतर छापील निकाहनाम्यातच पत्नीला काही परिस्थितींत तलाक घेण्याचा अधिकार देणाऱ्या अटी घातल्या गेल्या आणि नवऱ्याने प्रत्येक अटीखाली सही करायची असते, असे मी वाचले. आपल्याकडे कोणी असे करते का?

खाडीकाठची

करता येते. त्याला तफवीज म्हणतात. नवरा आपला तलाकचा अधिकार ठरावीक अटींवर पत्नीकडे सोपवू शकतो, आणि आपली न्यायालये ते मानतात. मुंबईतल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने अटींसह नमुना निकाहनामा तयार केला आहे आणि स्त्री काझींना प्रशिक्षणही दिले आहे. पण लग्न ठरत असताना तलाकची अट मुलीकडच्यांनी काढायची म्हणजे अपशकुन, असे आमच्याकडे मानतात. त्यामुळे तो रकाना असला तरी कोराच राहतो.

मागच्या हिवाळ्यात माझ्या मावसबहिणीचा निकाह झाला. काझीसाहेबांनी मेहरचा आकडा विचारला, मामांनी दीड लाख सांगितला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग काझीसाहेबांनी विचारले, मुअज्जल की मुवज्जल? बोलताना दोन्ही शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात. पहिल्याचा अर्थ ताबडतोब, दुसऱ्याचा अर्थ नंतर कधीतरी. मामांनी वराच्या वडिलांकडे पाहिले, त्यांनी मामांकडे पाहिले, आणि कोणीतरी म्हणाले, तेच ते, लिहा काहीही. पडद्याआडून माझी बहीण म्हणाली, "तेच ते नाही. अर्धी आज, अर्धी मागेन तेव्हा. तसे लिहा." काझीसाहेब थोडा वेळ थांबले, मग त्यांनी तसेच लिहिले. पंचाहत्तर हजारांचा धनादेश त्या दुपारीच तिच्या खात्यात भरला गेला. तिने तो स्वतः बँकेत नेला होता, मेंदी लावलेल्या हाताने.

मामा अजून तिच्याशी धड बोलत नाहीत.